जोडीतला दुसरा कॉमा: सांगलीतल्या रविवारच्या वर्गाबद्दल

विश्रामबागेत इंग्रजी व्याकरणाचा एक छोटा वर्ग भरतो. दोन रविवार, तीन-तीन तास, सोबत झेरॉक्स पुस्तिका. गर्दी बहुतेक स्पर्धा परीक्षावाल्यांची. विषय एकच: वाक्यातली जादा माहिती कॉमांमध्ये कशी बसवायची.

सुरुवात मराठीपासून करतात, आणि तिथंच वर्ग पैसे वसूल करून देतो. 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ' इथं आपण 'तो'च्या आधी कॉमा देतो. तीच सवय इंग्रजीत गेली की 'द बॉय हू केम येस्टरडे, इज माय ब्रदर' असं उतरतं. कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटाच कॉमा, म्हणजे चूक. असल्या ठिकाणी कॉमा एकतर दोन्ही बाजूंना, नाहीतर एकही नाही. इथं एकही नको, कारण कोणता मुलगा ते 'हू केम येस्टरडे'मुळेच कळतं.

तपासायची रीत अशी: त्या तुकड्यावर बोट ठेवायचं, उरलेलं वाचायचं आणि 'कोणता?' असं विचारायचं. 'द आयर्विन ब्रिज, विच वॉज ओपन्ड इन 1929, क्रॉसेस द कृष्णा' यात पूल नावानंच ठरलाय, सालाचा तुकडा जादा, म्हणून दोन्हीकडे कॉमा. नुसतं 'वाक्य पूर्ण वाटतं का' एवढंच पाहिलं तर फसगत होते. 'द बॉय इज माय ब्रदर' हेही पूर्णच आहे की! फळ्यावरचं दुसरं उदाहरण तर झकास: 'स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फी विल नॉट गेट हॉल टिकेट्स'. यात 'हू'च्या आधी आणि 'फी'च्या पुढे कॉमा टाकले की फी कुणीच भरलेली नाही आणि हॉलतिकीट कुणालाच नाही, असा अर्थ होतो. नोटीस लिहिणाऱ्या कारकुनाची पंचाईत!

पुस्तिका मात्र घाईत उरकलेली. एका पानावर 'द प्लेराइट, विष्णुदास भावे, स्टेज्ड अ प्ले इन सांगली इन 1843' असं छापलंय. नाटककार काय एकटे भावेच? नाव झाकलं तर कोण ते कळतच नाही, तेव्हा दोन्ही कॉमा उडवायला हवेत. उलट नाव आधी आलं, 'विष्णुदास भावे, अ प्लेराइट फ्रॉम सांगली, ...', की कॉमा लागतात. 'मिरज, महाराष्ट्र, इज...' मधला राज्यानंतरचा कॉमा उत्तरांत दोनदा गळालाय. जादा माहितीच्या तुकड्यात 'दॅट' चालत नाही, 'विच' लागतं, ही गोष्ट तर पुस्तिकेत नाहीच. शिकवणारे विचारल्यावर सांगतात.

तुकड्याच्या पोटात आधीच कॉमा असले तर बाहेरून डॅश द्यावेत, हे शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. सरावाला वाक्यं भरपूर, पण उत्तरांपुढे कारण दिलेलं नाही. ते वर्गातच लिहून घ्यावं लागतं, तेव्हा वहीत उजवीकडे रुंद समास सोडा.