‘अशी ही बनवाबनवी’ : हास्याच्या सिद्धांतांच्या कसोटीवर

वसंत सबनीस यांनी लिहिलेला आणि सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली प्रदर्शित झाला. त्यातील संवाद आजही लग्नमंडपापासून कार्यालयातल्या चहापर्यंत कुठेही ऐकू येतात. पुण्यात भाड्याची जागा केवळ जोडप्यांनाच मिळणार असल्याने चार अविवाहित तरुणांपैकी दोघे साड्या नेसून बायका होतात, एवढेच याचे कथाबीज असून ते हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेले आहे. हे हसू नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या मते दुसऱ्याच्या उणिवेपुढे आपली सरशी अचानक जाणवली की माणूस हसतो. सुधीर जोशी यांनी साकारलेल्या विश्वास सरपोतदारांना ही उपपत्ती बऱ्यापैकी लागू पडते. मधुमेहावरचे औषध इस्रायलहून मागवण्यासाठी दिलेले सत्तर रुपये ‘वारल्या’चे जेव्हा निष्पन्न होते, तेव्हा एका चिक्कू घरमालकाची फजिती आपल्याला सुखावते. परंतु जोडप्यांनाच जागा देणाऱ्या घरमालकीण लीलाबाई काळभोर यांच्या बाबतीत हा सिद्धांत लंगडा पडतो, कारण त्या फसत असल्या तरी प्रेक्षक त्यांना तुच्छ लेखत नाही. उलट त्यांच्या मायेमुळे फसवणाऱ्यांचीच अधिक कोंडी होते.

विसंगतीचा सिद्धांत येथे जास्त उपयोगी ठरतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने हास्याचे मूळ ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरण्यात पाहिले. अशोक सराफ यांचा धनंजय माने स्त्रीवेषातल्या परशाबद्दल ‘हा माझा बायको पार्वती’ असे म्हणतो तेव्हा सर्वनाम खरे बोलते आणि नाम खोटे, आणि हे दोन्ही एकाच दमात, तेही अत्यंत गंभीर चेहऱ्याने उच्चारले जाते. सराफांनी तेथे किंचित जरी डोळा मिचकावला असता, तरी हा विनोद पडला असता.

तरीही या चित्रपटाचा गाभा मला पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपेक्षा भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अधिक नेमकेपणाने सापडतो. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, असे भरत सांगतो आणि विकृत वेष व अलंकार यांना त्याचे विभाव, म्हणजे तो रस जागवणारी कारणे, मानतो. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग हे याचे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे : लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशा नटूनथटून बसलेला, भोवती ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणे रंगलेले, संसाराची सगळी मंगल चिन्हे जागच्या जागी, नाही तो केवळ संसार. एकच घटना दोन स्वतंत्र अर्थमालिकांत एकाच वेळी बसते तेव्हा ती हास्यास्पद होते, हे फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँने १९०० साली मांडले होते. त्या प्रसंगात लीलाबाई एक मालिका पाहतात आणि आपण दुसरी, हेही खरेच. पण मुळात शृंगाराचीच नक्कल का हसवते, हे भरताकडूनच अधिक स्पष्ट होते. बेर्डे आणि सचिन या दोघांनीही स्त्रीवेषाचा उपयोग अंगविक्षेपांसाठी फारसा केलेला नाही, ही आणखी एक जमेची बाजू. (नंतरच्या कित्येक स्त्रीवेषी विनोदांना हे भान राहिलेले दिसत नाही.)

दडपलेल्या ऊर्जेची हास्यातून सुटका होते, हे फ्रॉइडचे म्हणणे मला येथे दुय्यम वाटते. शहरात जागा न मिळण्याची धास्ती ओळखीची असलेल्या प्रेक्षकाला काहीशी मोकळीक मिळत असेल, इतकेच.

चित्रपट उणा पडतो तो उत्तरार्धात. खलनायक बळीच्या निमित्ताने होणारी धावपळ प्रसंगांतून उमललेली न वाटता बाहेरून आणून जोडल्यासारखी वाटते आणि नायिकांच्या वाट्याला विनोद जवळजवळ येतच नाही. अश्विनी भावे यांच्या माधुरीला धनंजयच्या थापांवर उलट डाव टाकण्याची थोडी अधिक संधी मिळायला हवी होती. असे असले तरी, संवाद पाठ असणाऱ्यांनीही हा चित्रपट पुन्हा पाहावा आणि या खेपेस बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. त्यातही सुधीर जोशी यांच्याकडे आवर्जून.