एकेरी दोर आणि रोप रेंच: बरेच महिने झाडावर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. वर चढायला एकेरी दोराइतकी सोपी पद्धत मी वापरलेली नाही. पण झाडावरच्या कामात चढण्याचा वाटा असतो किती? शेंड्याजवळ पोचायला काही मिनिटं लागतात आणि पुढचे तास फांद्यांवर हिंडण्यात जातात. त्यामुळे हा सरंजाम घ्यायचा की नाही हे करवत कमरेला लटकवून आडव्या फांदीच्या टोकाकडे निघाल्यावर तो कसा वागतो, यावर ठरवावं. त्या बाबतीत माझं मत थोडं मिश्र आहे.

याआधी सगळं काम दुहेरी दोरावर. दोर बेचक्यातल्या कॅम्बियम सेव्हरमधून (साल घासू नये म्हणून फांदीवर घालायच्या पट्ट्यातून) टाकायचा, एक टोक हार्नेसला (कमर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना), दुसऱ्या पदरावर फ्रिक्शन हिच, म्हणजे दोराभोवती गुंडाळलेली, वजन पडलं की आवळणारी गाठ. आपण हललो की दोरही वरून फिरतो. १ मीटर वर जायला २ मीटर दोर ओढावा लागतो, आणि त्या बदल्यात जोर निम्मा लागतो. हे निम्मं कागदावर. वरच्या घर्षणाने त्यातला बराच फायदा खाल्ला जातो. एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही, आपण त्याच्यावरून वर सरकतो. तो फिरत नसल्याने सालीवर करवतीसारखा घासला जात नाही, हा झाडाचाही फायदा.

माझी जुळणी अशी: ११.७ मिमी जाडीचा कमी ताणाचा (वजनाने फारसा न लांबणारा) दोर, त्यावर डिस्टेल हिच (फ्रिक्शन हिचचाच एक प्रकार), हिचच्या वर रोप रेंच, हिचखाली छोटी पुली. एका पायाला फूट असेंडर (दोरावर फक्त वरच सरकणारी पकड), दुसऱ्या गुडघ्याला इलॅस्टिकवर टांगलेला नी असेंडर, आणि हिच वर ओढून घ्यायला खांद्यावरून एक पट्टा.

रेंचबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्या लोकांचा घोळ इथेच होतो. दुहेरी दोरावर हिचवर आपलं साधारण अर्धं वजन येतं, बाकीचं दुसरा पदर पेलतो. एकेरी दोरावर तीच हिच बांधली तर पूर्ण वजन तिच्यावर येतं आणि ती इतकी आवळते की खाली उतरायला सैल होत नाही. केव्हिन बिंगहॅम या झाडावर चढणाऱ्या माणसाने यावर काढलेला तोडगा म्हणजे रेंच. हिचच्या वर बसणारी ही एक छोटी तरफ, ताठ पट्टीने हार्नेसला जोडलेली. वजन पडलं की तरफ खाली ओढली जाते, दोर तिच्यात वाकडा होतो आणि घर्षणाचा काही भाग ती स्वतःवर घेते. वर चढताना हीच तरफ उचलली जाते आणि दोर सरळ सुटतो. हिच तेवढी मऊ होते की दोन बोटांनी दाबून सावकाश उतरता येतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच: रेंच माणसाला धरत नाही. धरते ती हिच. रेंच काढून टाकला तरी माणूस लटकलेला राहिला पाहिजे, आणि हिच नीट बसली नसेल तर वर कितीही चांगला रेंच असून उपयोग नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून हिच आवळून घेणं ही सवय मी कधीच सोडणार नाही.

सगळ्यात मोठा फायदा मला जमिनीवरच मिळाला, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दुहेरी दोरासाठी थ्रो लाइन (वजनाची पिशवी बांधून वर फेकायची बारीक दोरी, जिने मग दोर वर ओढतात) नेमक्या एकाच फांदीवरून जावी लागते. मधे दुसरी डहाळी आली तर दोर फिरणारच नाही. मग पिशवी वर-खाली करत, लाइन हिसडत, ती एक फांदी वेगळी काढायची. दाट झाडात यात सकाळ जाते. एकेरी दोर फिरायचा नसल्याने तो दोन-चार फांद्यांवरून गेला तरी चालतं, फक्त वरची भक्कम हवी आणि एखादी खालची मोडली तर आपण किती घसरू याचा अंदाज हवा. साधारण ३०० ते ४०० ग्रॅमची पिशवी आणि मोठी गलोल असली की उंच झाडातही दोर लवकर लागतो. लागल्यावर दोघांनी मिळून दोराला लटकून बघायचं, मगच चढायचं.

चढणं म्हणजे जिना चढल्यासारखं, एक पाय मग दुसरा. ताकद मांड्यांची लागते, त्यामुळे वर पोचल्यावर दंड आणि पंजे ताजे असतात आणि करवत धरताना हात थरथरत नाही. एकच कटकट: पहिले काही मीटर खाली दोराचं वजन नसतं, म्हणून असेंडरमधून दोर सुटत नाही आणि पायाबरोबर वर येतो. खालच्या माणसाने शेपूट, म्हणजे दोराचं खालचं टोक, हलकं धरलं की काम भागतं. एकटे असाल तर दोर दोन पायांत दाबावा लागतो. थोडं वर गेलं की लोंबणाऱ्या दोराचं वजनच हे काम करतं.

आता फांदीवर चालण्याचं. बाहेर जाताना एकेरी दोर उत्तम. हिच सैल करत पुढे सरकायचं, दोर एखाद्या बेचक्यातून वळवून घ्यायचा असेल तर बिनधास्त वळवा, घर्षण वाढत नाही, उलट कोन सुधारतो. दुहेरीत असं वळण घेतलं की पुढे दोर ओढणं नकोसं होतं. दुखणं आहे परतीचं. दुहेरीवर टोकाकडून येताना शेपूट ओढलं की जोर दुप्पट मिळतो. एकेरीवर तसा काहीच फायदा नाही. स्वतःचं पूर्ण वजन स्वतःच ओढायचं, आणि फांदी खाली उतरती असेल तर चांगलाच घाम निघतो. उपाय आहे: शेपटाचा दोर वर एका पुलीतून फिरवून परत खाली घेतला की ३:१ची, म्हणजे एक तृतीयांश जोर लागणारी, जुळणी होते. पण प्रत्येक फांदीवर ती मांडायची आणि मोडायची तर वाचवलेला वेळ तिथेच जातो. पसरलेल्या, रुंद झाडात मी हल्ली एकेरीने वर जातो, वर अँकर (दोर अडकवायची पक्की जागा) घालतो आणि काम दुहेरीवर करतो. उंच, सरळसोट झाडात मात्र शेवटपर्यंत एकेरीच.

दोर जरा उसळतो, हेही सांगायला हवं. कमी ताणाच्या दोरांच्या युरोपियन मानकातसुद्धा ५० ते १५० किलो वजनादरम्यान ५ टक्क्यांपर्यंत ताण चालतो. दोर खाली बुंध्याला बांधला असेल तर वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही पदर ताणले जातात, त्यामुळे उसळी वाढते.

बुंध्याला बांधण्याचं आणखी एक गणित आहे. असं बांधलं की वरच्या फांदीवर आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, कारण एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच ओढणारा अँकर. ९० किलोचा माणूस सामानासकट लटकला तर फांदीला सुमारे १८० किलो सोसावे लागतात. सालीच्या घर्षणाने त्यातले थोडे कमी होतात. वरच, रनिंग बोलाइन किंवा अल्पाइन बटरफ्लाय या गाठींनी फास घालून बांधलं तर भार एकपट. मग बुंध्याला का बांधतात? कारण तिथे उतरवता येणारा (खालून दोर सोडता येईल असा) अँकर लावला तर वरचा माणूस जखमी झाला किंवा बेशुद्ध पडला की खालचा माणूस त्याला खाली आणू शकतो. फक्त तो खाली येणारा पदर करवतीच्या वाटेत येता कामा नये. चेनसॉला ताणलेला दोर कापायला एक स्पर्श पुरतो.

हिच कॉर्डवर, म्हणजे जिने हिच बांधतात त्या दोरीवर, पैसे वाचवू नयेत. ८ ते १० मिमीच्या या तुकड्यावर सगळा जीव असतो आणि गरम तोच होतो. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, डायनीमाच्या जातीचे धागे तर १५० अंशांच्याही आत. अ‍ॅरामिड हा धागा वितळत नाही, म्हणून चांगल्या कॉर्डच्या आवरणात ते मिसळलेलं असतं. भरभर उतरून मजा घेणाऱ्यांच्या कॉर्डवर काचेसारखा चकाकता थर दिसतो. असा थर दिसला की ती कॉर्ड बाद. चीक आणि ओल यांनी पकड बदलते, म्हणून पाऊस पडून गेला की पहिली उतरण मी मुद्दाम हळू घेतो.

यांत्रिक उपकरणंही वापरून पाहिली. हिचची कटकट नाही, उतरणं लोण्यासारखं. पण दोराच्या जाडीबद्दल ती फार चोखंदळ असतात, आणि वाळू-चीक शिरला की धरसोड करतात. हिच बिघडायला लागली की हाताला आधी कळतं. यंत्राचं तसं नाही. ज्यांना रोज आठ तास वर राहायचं आहे त्यांनी घ्यावीत. मला हिचच बरी वाटते.

बाकीचं थोडक्यात. हार्नेसचा पूल (पुढचा, मुख्य दोर जोडायचा तुकडा) दोराचाच असावा आणि बदलता यावा, कारण सगळ्यात आधी झिजतो तोच. कॅराबिनर (जोडायच्या कड्या) तीन हालचालींनी उघडणारेच. कापताना मुख्य दोराशिवाय लँयार्ड (हार्नेसपासून फांदीभोवती घालायचा आखूड दोर) लावलेला असलाच पाहिजे, दोन जागी बांधलेलं असल्याशिवाय करवत चालू करायची नाही. तारेचा गाभा असलेला लँयार्ड चेनसॉला थोडा वेळ देतो, अभय देत नाही. पायाचे काटे फक्त तोडायच्या झाडावर. छाटणीच्या झाडात ते सालीखालचा जिवंत थर फोडतात.

तपासणीचा वेळ वाढलाय, हे मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये माणसं उचलणाऱ्या साधनांची दर ६ महिन्यांनी सविस्तर तपासणी कायद्यानेच लागते, आणि ती मुदत कुठेही पाळावी अशी आहे. दोर हातातून मीटर-मीटर काढायचा, वळवून बघायचा. एखाद्या जागी गाभा मऊ किंवा चपटा लागला तर तो दोर पुन्हा चढायला वापरायचा नाही. रेंचमध्ये मात्र बघायचं ठिकाण वेगळं आहे: दोर जिथे घासतो तिथे धातूला पडलेली खाच आणि पट्टीच्या दोन्ही टोकांच्या पिना. खाचेची कड धारदार झाली की ती बाहेरून दिसत नाही, बोट फिरवलं तरच लागते.