आजारी माणसाला मोठ्या शिकारीला न्यायचंय? अमेरिकेतल्या सेवांचा आढावा

पहिल्याच फोनला समोरून "जनावर कुठलं हवं?" असा प्रश्न आला, तर समोरचा नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलतोय असं समजावं. "शेवटची किमो कधी झाली, पुढची कधी आहे?" असं विचारणारा भेटला की निम्मं काम झालं. अमेरिकेत गंभीर आजारी माणसाला मोठ्या शिकारीला नेणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत, आणि पैसे घेऊन नेणारे आउटफिटर तर पैशाला पासरी. वेबसाइटवरचे शिंगांचे फोटो सगळ्यांचे सारखेच देखणे असतात. कोण कसा आहे ते कळतं आयत्या वेळी तारीख बदलावी लागली की.

आधी संस्थांचं. आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या 'मेक-अ-विश'ने 1996 मध्ये मिनेसोटातल्या एका आजारी मुलाची अलास्कातल्या कोडियाक अस्वलाच्या शिकारीची इच्छा मान्य केली. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि पुढे संस्थेने बंदुकीच्या इच्छा घेणंच बंद केलं. ती जागा इतरांनी भरून काढली. 'हंट ऑफ अ लाइफटाइम' ही पेनसिल्व्हेनियातली संस्था टीना पॅटिसन यांनी सुरू केली. त्यांच्या कॅन्सरग्रस्त मुलाला मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला जायचं होतं, आणि अल्बर्टातल्या नॉर्डेग या छोट्या गावातल्या लोकांनी ते जमवून आणलं होतं. ही संस्था 21 वर्षांपर्यंतच्या मुलांना घेते. मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलची 'कॅच-अ-ड्रीम' 18 वर्षांपर्यंतच्या, अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांसाठी आहे. विस्कॉन्सिनची 'युनायटेड स्पेशल स्पोर्ट्समन अलायन्स' मुलांबरोबर अपंग माजी सैनिकांनाही नेते. पंचेचाळीस वर्षांचा कॅन्सरचा रुग्ण यातल्या बहुतेक ठिकाणी बसत नाही. त्याला आउटफिटरच गाठावा लागतो, आणि खिसाही स्वतःचाच.

संस्थांची जमेची बाजू म्हणजे कागदपत्रं. डॉक्टरांचं पत्र, पालकांची संमती, शिकार-प्रशिक्षणाचा दाखला, परवाना या सगळ्याची वाट त्यांच्या पायाखालची असते. त्यांच्याकडे दान आलेले टॅगही (एक ठरावीक जनावर मारण्याच्या परवान्याची चिठ्ठी) असतात. ऍरिझोनासारख्या राज्यात टॅगधारकाला आपला टॅग अशा संस्थेमार्फत गंभीर आजारी मुलाला कायदेशीररीत्या देता येतो. हे फार मोलाचं आहे, कारण पश्चिमेकडच्या राज्यांत एल्क (मोठं हरण) किंवा पहाडी मेंढ्याचा टॅग लॉटरीतून निघतो. अर्ज हिवाळ्यात नाहीतर वसंतात, निकाल त्यानंतर आणि शिकार शरद ऋतूत. सहा-आठ महिन्यांनंतरची तारीख निरोगी माणसाला चालते. दर तीन महिन्यांनी स्कॅन होणाऱ्या माणसाला अशा टॅगवरची शिकार विकू पाहणाऱ्याला गुण शून्य.

वेळ कमी असेल तर टेक्सास. चितळ, काळवीट आणि नीलगाय ही आपल्याकडची जनावरं तिथे परदेशी म्हणून गणली जातात, खासगी रँचवर बाराही महिने त्यांची शिकार चालते. भारतात 1972 च्या कायद्याने ज्यांच्यावर बंदूक उगारता येत नाही, त्यांचं तिकडे दरपत्रक छापलेलं असतं. मनाला चमत्कारिक वाटतं खरं, पण आजाऱ्याच्या दृष्टीने सोय मोठी. लॉटरी नाही, मोसम नाही, राज्याबाहेरच्या माणसाला पाच दिवसांचा 48 डॉलरचा परवाना पुरतो आणि गाडी थेट लपणापर्यंत (शिकाऱ्याने दबा धरून बसायच्या आडोशापर्यंत) जाते. यात काळवीट सर्वांत सोयीचा: अंगाने हलका, उघड्या माळावर दिसणारा, हलक्या रायफलीने पडणारा. चितळही बरा. पण पक्क्या शिंगांचे नर बहुतेक उन्हाळ्यात सापडतात, आणि टेक्सासचा उन्हाळा किमोवरच्या माणसाला सोसत नाही. पहाटेची फेरी करून नऊच्या आत परत, हे आधीच ठरवून घ्यावं. नीलगायीच्या नादी लागू नये. तिला भारी काडतूस लागतं, आणि जखमी होऊन दोन मैल गेली की तिच्यामागे जाणार कोण?

भारतातून व्हिसावर आलेल्या आजारी वडिलांना किंवा काकांना न्यायचं असेल तर एक गोष्ट बहुतेक आउटफिटर सांगत नाहीत. बी-1/बी-2 किंवा एच-1बी व्हिसावरच्या माणसाने बंदूक हातात घेणं फेडरल कायद्याने मना आहे. त्याच्याकडे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तरच सूट मिळते. म्हणून परवाना आधी, सरावाची पहिली गोळी नंतर. अलास्कात तर परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाईड सक्तीचा आहे. वेदनेसाठी किंवा मळमळीसाठी गांजा घेणाऱ्या रुग्णाने आधी वकिलाला विचारावं. राज्याने मुभा दिली म्हणून बंदुकीच्या फेडरल कायद्यातून सुटका होतेच असं नाही.

आता रायफल. चांगला गाईड कोण ते इथे पारखता येतं. किमोसाठीचा पोर्ट (औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवलेली डबी) बहुधा उजव्या बाजूला, कॉलरबोनच्या खाली बसवलेला असतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या रायफलीचा दस्ता टेकतो तो जवळजवळ तिथेच. एका धक्क्याने पोर्ट सरकू शकतो किंवा त्याची नळी दुखावू शकते. उपाय तीन: डाव्या खांद्यावरून नेम शिकणं, रायफल पक्क्या स्टँडमध्ये जखडून खांद्यावर भार येऊ न देणं, किंवा डॉक्टर हो म्हणत असतील तर क्रॉसबो (चाप असलेलं धनुष्य). पोर्टवर जाड उशी लावून वेळ मारून नेणाऱ्या गाईडला तिथेच थांबवावं. उशीने धक्का पसरतो, जागा तीच राहते.

काडतूस .243 विंचेस्टर पुरे. आठ पौंडी रायफलीत त्याचा धक्का .30-06 या मोठ्या काडतुसाच्या जवळपास निम्मा बसतो, आणि हरणाच्या आकाराच्या जनावराला शंभर यार्डांच्या आत तो भरपूर झाला. जिथे कायदेशीर आहे तिथे सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं) लावावा, धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात. सिसप्लॅटिन हे किमोचं औषध घेतलेल्यांचे कान आधीच अधू असू शकतात. त्यांना कानात घालायची बोंडं आणि इअरमफ दोन्ही द्यावेत. व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधांनी बोटं बधिर होतात आणि चापावर बोट कधी टेकलं तेच कळत नाही. अशा हाताला फार हलका चाप धोक्याचा, त्याची ओढ अडीच-तीन पौंडांवर ठेवावी आणि शेवटच्या क्षणापर्यंत सेफ्टी गाईडच्या देखरेखीत. दिवसात सहा-सात वेळा गोळी न भरता चाप ओढण्याचा सराव, मग पॉइंट टू-टू या हलक्या रायफलीवर दहा गोळ्या, आणि खऱ्या रायफलीच्या तीन, फार तर पाच. प्लेटलेट्स उतरलेल्या असतील तर त्या पाचही नकोत, खांदा काळानिळा पडतो. हात अजिबात चालत नसतील तर फुंकर मारून किंवा श्वास आत ओढून चाप दाबणारं यंत्र मिळतं. असं यंत्र जवळ बाळगणारा आउटफिटर वेगळे गुण मिळवून जातो.

तारीख कशी काढायची? किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तो काळ वगळायचा. पुढच्या डोसच्या आधीचे चार-पाच दिवस सगळ्यांत बरे, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी रक्त तपासायचं. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की शिकार तिथेच संपली, थेट इस्पितळ. म्हणून रँच कितीही सुंदर असली तरी एक प्रश्न चुकवू नये: पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाला ताप आल्यावर शिरेतून अँटिबायोटिक सुरू करणारी जागा इथून किती मिनिटांवर आहे? "हेलिकॉप्टर आहे" हे उत्तर पुरेसं नाही. धुकं आणि वारा यांत हेलिकॉप्टर उडत नाही.

एल्कसाठी पहाडात जायचं तर आठ-दहा हजार फुटांवर हवा विरळ. बऱ्याच पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) मर्यादा दहा हजार फुटांची असते, आणि थंडीत बॅटरी लवकर संपते. विमानात स्वतःचं सिलिंडर नेता येत नाही, कॉन्सन्ट्रेटर नेता येतो. त्यासाठी प्रवासाच्या दीडपट वेळेची बॅटरी अनेक विमान कंपन्या मागतात. कॅम्पवर 'ई' आकाराचं सिलिंडर साधारण 680 लिटरचं. मिनिटाला दोन लिटरने ते साडेपाच तास चालतं, हिशेबात पाचच धरावेत. आणि लपणात गॅसचा हीटर ठेवलेला दिसला तर आत पाऊलच टाकू नका. ऑक्सिजनच्या नळीशेजारी उघडी ज्योत, वर बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड. हीटेड जाकीट आणि गरम पाण्याची पिशवी यांनी काम भागतं.

चाकाच्या खुर्चीचं म्हणाल तर "आमच्याकडे सोय आहे" या वाक्यावर विसंबू नये, फोटो मागवावेत. रेडीमेड कापडी लपणाच्या दारातून खुर्ची जात नाही, आणि गेली तरी खिडकी स्टुलावर बसणाऱ्याच्या हिशेबाने कापलेली असते. मग रायफलीची नळी कापडाला घासते. मिनेसोटाची 'ऍक्शन ट्रॅकचेअर' ही पट्ट्यांवर चालणारी खुर्ची चिखल-बर्फात उत्तम, पण ती वजनदार असते. ट्रेलर आणि रॅम्प कोण आणणार ते लेखी घ्यावं. स्टेरॉइडवरच्या काहींना चालता येतं पण बसल्यावर उठता येत नाही. त्यामुळे साधी उंच बाकाची, हातांची खुर्ची हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि हमखास विसरलं जाणारं सामान.

पैशांचं. मार्गदर्शित एल्क शिकारीला सहा ते दहा हजार डॉलर सहज जातात, त्यातले निम्मे आगाऊ आणि बहुतेक ठिकाणी परत न मिळणारे. आजाऱ्यासाठी हे कलम बदलून घेतल्याशिवाय सही करू नये. वाजवी अट अशी: डॉक्टरांच्या पत्रावर तारीख एकदा विनामूल्य बदलेल, आणि रुग्ण येऊच शकला नाही तर रक्कम परत किंवा पुढच्या वर्षी त्याच्या घरच्यांच्या नावे. जो नाही म्हणतो त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. प्रवास-विमा पहिली रक्कम भरल्यापासून साधारण 14 ते 21 दिवसांत घ्यावा, कारण आधीपासूनचा आजारही विम्यात धरणाऱ्या बहुतेक पॉलिसींची मुदत तेवढीच. संस्थेमार्फत गेलात तर हा सगळा घोर त्यांचा. तरी गाईडला बक्षिसी द्यावी, त्याने आपला आठवडा फुकट दिलेला असतो.

मांसाबद्दल थोडक्यात. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाने जनावर सोलायला हात लावू नये, मांस आतपर्यंत 160 फॅरनहाइटला शिजवावं. अस्वलाच्या मांसातला ट्रिकिनेला हा परजीवी जंत फ्रीझरमध्ये मरेलच याची खात्री नाही. हरणवर्गीय जनावराची सीडब्ल्यूडी या मेंदू पोखरणाऱ्या क्षयकारी रोगासाठी चाचणी करून अहवाल येईपर्यंत खाऊ नये. शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरली तर मांसात शिशाचे कण राहत नाहीत.

शेवटी भिंतीवरच्या मुंडक्याचं. पूर्ण मुंडकं भरून यायला वर्षभर सहज लागतं, आणि टॅक्सिडर्मिस्ट (मुंडकं भरणारा कारागीर) हे विचारल्याशिवाय सांगत नाही. उकळून साफ केलेली कवटी आणि शिंगं मात्र काही आठवड्यांत मिळतात. परत निघण्याआधी तेवढीच मागवावीत, आणि पत्ता रुग्णाच्या घरचाच द्यावा.