माशांच्या खाद्याला वनस्पती तेल: हंगामभर वापरल्यावर

परवा तेल लावलेल्या खाद्याचं नवं पोतं उघडलं आणि जुन्या ऑइल पेंटसारखा वास नाकात गेला. पुरवठादाराचं एकच पालुपद: जवसाच्या तेलाला वास असतोच. असतो ना, पण ताज्या तेलाचा वेगळा आणि खवट तेलाचा वेगळा. खाद्याची गोळी चिरडून बोटांवर चोळली की लगेच कळतं. पोतं बदलून द्यायला तो तयार नाही, याचा संताप आहेच.

तेलाने वाढ होते, यात वाद नाही. 1 ग्रॅम चरबीतून साधारण 9 किलोकॅलरी मिळतात. ऊर्जेची गरज त्यातून भागली की मासा महागडं प्रथिन जाळत नाही, ते अंगी लागतं. माझे सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे तेवढ्याच खाद्यात हाताला भरीव लागायला लागले.

आधी मला जवसच सगळ्यात भारी वाटायचं. त्यातली निम्म्याहून जास्त स्निग्धाम्लं ओमेगा-3 असतात. सोयाबीनमध्ये हे प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास, सूर्यफुलात जवळजवळ शून्य. आता मत बदललंय. ज्या ओमेगा-3 साठी जवस घ्यायचं, तेच हवेतल्या ऑक्सिजनने सगळ्यात आधी बिघडतं. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्वही संपवतं. मासे तोंड फिरवतात, आणि खाल्लंच तर यकृताला त्रास. म्हणून आता सोयाबीन जास्त, जवस थोडं. तेल घरीच लावतो, पूर्ण थंड झालेल्या कोरड्या गोळीवर आणि आठवडाभर पुरेल एवढ्याच खाद्याला. तेलाचा डबा लहान घ्यावा. अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात हवा राहते आणि उरलेलं तेल तिथेच खवटतं. डबा सावलीत, झाकण घट्ट.

जास्त तेल ओतायचा मोह टाळा. गोळीत न मुरलेलं तेल पाण्यावर रंगीत तवंग बनून तरंगतं, म्हणजे पैसे पाण्यात. एक मासा चिरून पाहिला तर आतड्यांभोवती पांढऱ्या चरबीचा जाड थर होता. काट्यावर ते वजन दिसतं, पण साफ करताना फेकूनच द्यावं लागतं.

हे सगळं गोड्या पाण्यातल्या माशांचं. त्यांना जवसातल्या ओमेगा-3 पासून ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलात असणारी ओमेगा-3 स्निग्धाम्लं) काही प्रमाणात बनवता येतं. बहुतेक समुद्री माशांना ते पुरेसं जमत नाही, त्यांच्या खाद्यातून माशाचं तेल पूर्ण काढू नका.