गल्फच्या गावांत एक अख्खा कोरडा हंगाम: वापरानंतरचा अनुभव

मे ते ऑक्टोबर, म्हणजे पूर्ण कोरडा हंगाम, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गल्फ पट्ट्यात, म्हणजे कार्पेंटेरियाच्या आखाताच्या बाजूला, फिरल्यावरचं मत आधीच सांगितलेलं बरं. माउंट सरप्राइज, जॉर्जटाउन, क्रॉयडन, नॉर्मनटन, करुम्बा ही गावं नुसती 'बघायला' गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. आज कोणता वार आहे आणि दुकान कधी बंद होतं, एवढं धरून आखणी केलीत तर महिनाही पुरत नाही.

केर्न्सहून डोंगर चढून गेलं की माउंट सरप्राइज. तिथून जॉर्जटाउन साधारण ९० किलोमीटर, पुढे क्रॉयडन १५०, नॉर्मनटन आणखी १५० आणि करुम्बा ७०. हा सगळा रस्ता डांबरी आहे, त्यामुळे कोरड्या हंगामात साधी गाडीही चालते. फोर व्हील ड्राइव्हच हवी, हा गैरसमज इथपर्यंत तरी सोडून द्या.

मात्र डांबर आहे म्हणजे दोन गाड्यांपुरतं आहे असं नाही. मध्येमध्ये एकाच गाडीच्या रुंदीची पट्टी आहे, दोन्ही बाजूंना खडी. समोरून कार आली तर दोघांनीही वेग कमी करून आपली डावीकडची चाकं खाली उतरवायची. समोरून रोड ट्रेन, म्हणजे दोन-तीन ट्रेलर जोडलेला ५३.५ मीटरपर्यंत लांबीचा ट्रक आला, तर मात्र पूर्ण गाडी खाली घेऊन जवळपास थांबायचं आणि डांबर त्याला सोडायचं. त्याची चाकं खडीत उतरली तर शेवटचा ट्रेलर हेलकावतो आणि दगड थेट तुमच्या काचेवर येतात. खरी चूक होते ती परत वर चढताना. डांबराची कड झिजून कुठेकुठे चार बोटं उंच झालेली असते. वेगात तिरकं चढवलं की टायरची बाजू कापली जाते, नाहीतर स्टिअरिंगला झटका बसून गाडी पलीकडच्या खडीत जाते. आधी वेग उतरवा, मग चढा. पाऊस पडून गेला असेल तर कडेची माती मऊ असते. तिथे उतरण्याआधी जागा बघून ठेवा. भाड्याच्या गाडीच्या विम्यात काच आणि टायर धरलेत का, हे सही करण्यापूर्वी विचारा. बऱ्याच करारांत ते नसतात.

अंधारात गाडी चालवायची नाही. कुंपण नसल्याने ब्रामन नावाच्या वाणाची गुरं रस्त्यावर येऊन बसतात, कांगारू संध्याकाळी निघतात. नॉर्मनटनहून दक्षिणेला क्लॉनकरीकडे जाणार असाल तर जवळजवळ २०० किलोमीटरवर बर्क अँड विल्स रोडहाउस येतं. मधे पंप नाही. कार्डवर चालणारे पंप आधी ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात. भारतीय कार्डावर ती सुटायला काही दिवस लागू शकतात, म्हणून दुसरं कार्ड वेगळं ठेवा.

क्रॉयडनला लोक पेट्रोल भरून पुढे जातात, हे चुकीचं आहे. १८८५ मध्ये इथे सोनं सापडलं आणि नॉर्मनटनहून क्लॉनकरीला न्यायची ठरलेली रेल्वे इकडे वळवली गेली. १५२ किलोमीटरची ती लाइन १८९१ मध्ये पूर्ण झाली. आज तिच्यावर गल्फलँडर ही जुनी रेलमोटर धावते. गाडीइतकंच खाली वाकून रुळाकडे बघा. स्लीपर लाकडाचे नाहीत. उलट्या पन्हाळीसारखे पोकळ, पोलादी आहेत. जॉर्ज फिलिप्स या अभियंत्याने ते सपाट जमिनीवरच ठेवून आत माती ठासायची पद्धत काढली. पुराचं पाणी रुळावरून वाहून जातं, पण भराव नसल्याने वाहून न्यायला काही उरत नाही; वाळवीलाही खायला लाकूड नाही. त्यातले बहुतेक स्लीपर अजून मूळचेच आहेत.

ही गाडी आठवड्यातून एकदाच: बुधवारी नॉर्मनटनहून क्रॉयडन, गुरुवारी परत. गुरुवारी दुपारी नॉर्मनटनला पोचलात तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबा. दोन चालक असतील तर एकाने रेल्वेने जावं, दुसऱ्याने कार क्रॉयडनला आणावी. परतताना मग दोघांना अदलाबदल करता येते.

नॉर्मनटनच्या मगरीच्या पुतळ्याजवळ फोटो सगळेच काढतात. १९५७ मध्ये मारलेल्या मगरीची ८.६३ मीटर ही लांबी खरी की फुगवलेली यावर वाद आहेच, पण नॉर्मन नदीत मगरी आहेत यावर नाही. पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर दूर उभं राहा, तंबू ५० मीटर लांब लावा. मासे काठावर साफ करू नका आणि रोज एकाच जागी पाण्याजवळ जाऊ नका. मगर ते हेरून ठेवते.

स्वयंपाकाचं: किराणा केर्न्सलाच भरा. पबमध्ये शाकाहारी माणसाच्या वाट्याला चिप्स, सॅलड आणि चीज टोस्ट येतं, तेही स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत. बोअरचं पाणी जड असेल तिथे तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही दाणेदार राहते. मूग आणि मसूर न्या, किंवा डाळीपुरतं टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. ताजा कढीपत्ता भारतातून आणायच्या फंदात पडू नका, विमानतळावरच जातो.

फोनसाठी टेल्स्ट्रा कंपनीचंच सिम घ्या आणि गावाबाहेर तेही धरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जी बंद झालं. ज्या हँडसेटवरून फोर-जीवर ०००ला आपत्कालीन कॉल लागत नाही, तो इथलं नेटवर्क अडवतं. भारतातून आणलेला फोन शहरात असतानाच तपासा. गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनल ४० वर ट्रकवाले बोलतात.

करुम्बात जून ते ऑगस्ट जागा मिळत नाही. दक्षिणेकडचे निवृत्त लोक कॅरव्हॅन घेऊन तीन-तीन महिने मासेमारीला येऊन बसतात. बुकिंग आधी करा. समुद्रात मावळणारा सूर्य सुंदर आहे, पण त्याच वेळी बारीक चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

बर्कटाउनला नॉर्मनटनहून सव्वादोनशे किलोमीटर, त्यात बराच कच्चा रस्ता. इथे मात्र उंच गाडी, दोन स्टेपन्या आणि भाडेकराराची लेखी परवानगी हवी. टायरची हवा २८ पीएसआयच्या आसपास उतरवा, वेग ८० च्या आत ठेवा. एसीत बाहेरची हवा घेऊन पंखा जोरात ठेवला की आतला दाब वाढून धूळ कमी शिरते. जायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मॉर्निंग ग्लोरी या लांबलचक लाटण्यासारख्या ढगासाठी. तो रोज येत नाही. गावकऱ्यांची खूण अशी की आदल्या रात्री हवा इतकी दमट होते की पबच्या फ्रिजच्या काचांवर दव धरतं आणि लाकडी टेबलांचे कोपरे वर वळतात. तसं दिसलं की गजर पहाटे पाचचा लावा.