काराकोलचं ‘ओवॉप प्लस वन’: लोकरीची पारख असणाऱ्यांनी आवर्जून जावं असं दुकान

किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराच्या पूर्व टोकाला काराकोल हे गाव आहे. तिथलं ‘ओवॉप प्लस वन’ हे दुकान मला मनापासून आवडलं. बिश्केकला एमबीबीएस शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचे आईवडील हल्ली तिकडे जायला लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेकजण राजधानीतच चार दिवस राहतात, मुलांच्या मेसमधला वरणभात खातात आणि परतताना बाजारातून मिळेल ते उचलून आणतात. काराकोल बिश्केकपासून सुमारे 400 किलोमीटर आहे. सवड असेल तर जाच.

माझा लोकरीशी संबंध जुना आहे. माण-आटपाडी भागातल्या सनगर विणकरांची घोंगडी विकायला मदत करणाऱ्या बचत गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. दख्खनी मेंढीची लोकर, चरख्यावरचं सूत, चिंचोक्याची खळ, मागाची रुंदी हे सगळं रोजच्या बोलण्यातलं. त्यामुळे कुठल्याही लोकरीच्या दुकानात शिरले की आधी हात चालतो, मग डोळे.

इथल्या वस्तू विणलेल्या नाहीत. किर्गिझ लोक भटके मेंढपाळ, त्यांचं कसब फेल्टचं. काश्मीरचा नमदा ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. पिंजलेल्या लोकरीचे थर आडवे-उभे पसरायचे, गरम पाणी आणि साबण घालायचा, आणि तंतू एकमेकांत घट्ट अडकेपर्यंत चोळायचं, दाबायचं, गुंडाळायचं. माग नाही, सूत नाही. अशा वस्तूची परीक्षा सोपी आहे: पृष्ठभाग चिमटीत धरून हलकेच ओढा. तंतू वर आले तर चोळणाऱ्याने घाई केली आहे. मी दुकानातल्या घरात घालायच्या सपाता, चष्म्याची घरं, छोटे प्राणी, सगळ्यांवर हा प्रयोग केला. काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता मला करू दिला. एकाही वस्तूचा तंतू सुटला नाही. सपाता तर टाचेपासून बोटांपर्यंत एकाच तुकड्यात घडवलेल्या होत्या. टाचेच्या वळणावर जाडी कमी होते, तिथेच नवशिक्याचा हात कळतो. इथे ती जाडी सगळीकडे सारखी होती. बाजारातल्यापेक्षा माल महाग आहे, पण एका सपातेच्या जोडीत किती वेळ जातो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी घासाघीस केली नाही.

लोकरीशिवाय एस्पारसेट नावाच्या फुलांचा पांढरा, दाट मध आहे. सरोवराकाठच्या काटेरी झुडपांवर पिकणाऱ्या आंबटगोड नारिंगी फळांचा रस आहे. लडाखला गेलेल्यांनी तो ‘लेह बेरी’ म्हणून प्यायलेला असेल, इकडे त्याला ओब्लेपिखा म्हणतात. जर्दाळूचा मुरांबा, रानटी वनस्पतींचा चहा आणि साबणही आहेत. मध घ्याच. चहा मला फिका वाटला.

हे दुकान जपानच्या मदतीतून उभं राहिलं. ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ 1979 मध्ये जपानच्या ओइता प्रांतात तिथले गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी सुरू केली. ‘ओवॉप’ हे तिच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. जपान सरकारच्या ‘जायका’ या संस्थेने ती कल्पना इसिक-कुलच्या गावांत आणली. ‘प्लस वन’ म्हणजे बायकांच्या गटांच्या जोडीला उभी केलेली संस्था: कच्चा माल आणणं, नमुने ठरवणं, माल तपासणं, गिऱ्हाईक शोधणं ही कामं ती करते आणि घडवण्याचं काम गावात राहतं. 2011 पासून जपानची ‘मुजी’ ही मोठी कंपनी इथल्या फेल्टच्या वस्तू आपल्या दुकानांतून विकू लागली.

बचत गटांत काम केलेल्या कुणालाही विचारा, मोडतं ते नेमकं याच जागी. बायका वस्तू उत्तम करतात. पण पिशवीभर माल घेऊन जायचं कुठे, एकसारखे दोनशे नग द्यायचे कसे, पैसे तीन महिन्यांनी मिळणार असतील तर लोकर कशाने आणायची, हे कुणी सोडवत नाही. प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. इथे जपान्यांनी प्रशिक्षणाच्या पुढचं काम केलं.

ते मी जवळून पाहिलं ते सरोवराच्या दक्षिण काठावरच्या तामगा गावात. तिथे आम्ही एका घरी मुक्कामाला होतो. घरच्या बाई सुट्टीच्या मोसमात दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि उरलेल्या वर्षात फेल्टचं काम करतात. लेक माझ्याबरोबर होती, तिला कॉलेजमुळे रशियन बऱ्यापैकी येतं, त्यामुळे बोलणं अडलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर प्लास्टिक अंथरलं, मेरिनो लोकरीची पिंजण चिमटी-चिमटीने पसरली आणि एक छोटी मेंढी घडवून दाखवली. शेजारी पुठ्ठ्याचा साचा आणि स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा. आधी लोकर तोलायची, झाल्यावर साच्याशी ताडायचं, वाळल्यावर पुन्हा तोलायचं. कान लहानमोठे झाले तर तो नग बाजूला. सुरुवातीला फार नग परत यायचे तेव्हा रडू यायचं, असं त्या म्हणाल्या. आता त्याच गावातल्या नव्या मुलींचा माल तपासतात. मी हात घालून पाहिला तर त्यांनी माझं मनगट धरून दाब कमी करायला लावला. घोंगडी खळीत घोळताना लागतो तेवढा जोर इथे चालत नाही.

जेवायला लाग्मान होता, म्हणजे हाताने ओढलेल्या लांब शेवया आणि भाजीचा रस्सा. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी बटाटा, ढोबळी मिरची आणि लसूण घालून वेगळा केला. पहाटेला ताजा कायमाक, म्हणजे दाट साय, आणि बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले छोटे तुकडे. खोल्या स्वच्छ, पाणी गरम. संडास अंगणाच्या पलीकडे आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. पाहुण्यांना असं घरी ठेवण्याची पद्धत या देशात रुजवली ती स्वित्झर्लंडच्या हेल्वेटास या संस्थेने, कोच्कोर गावापासून सुरुवात करून. त्याच कोच्कोरला शिरदाक, म्हणजे फेल्टच्या नक्षीदार सतरंज्या, करणाऱ्या बायकांची ‘आल्तिन कोल’ सहकारी संस्थाही हेल्वेटासच्या आधारानेच उभी राहिली.

आता तामगाच्या रस्त्याबद्दल, कारण दुकानाचं मोल मला त्या रस्त्यावर कळलं. या घरासमोरून दिवसभर अवजड ट्रक जातात. ते सरोवराच्या पश्चिम टोकाच्या बालिकची रेल्वे स्थानकावरून निघतात, तामगाच्या पुढच्या बारस्कून गावाशी डोंगराकडे वळतात आणि 4,000 मीटरवरच्या कुमतोर सोन्याच्या खाणीवर चढतात. ही खाण कॅनडाच्या कंपनीने उभारली, 1997 मध्ये सोनं निघू लागलं आणि काही वर्षी देशाच्या एकूण उत्पन्नाचा दहावा हिस्सा तिच्यातून येई. 20 मे 1998 रोजी एक ट्रक बारस्कून नदीत कोसळला आणि सुमारे पावणेदोन टन सोडियम सायनाइड पाण्यात गेलं. भरपाईवरून गावकरी पुढची कितीतरी वर्षं भांडले, रस्ते अडवले, 2013 मध्ये या तालुक्यात आणीबाणी लावावी लागली. 2021 मध्ये सरकारने खाण ताब्यात घेतली आणि 2022 च्या करारानंतर ती पूर्णपणे देशाची झाली. ज्या बाईंनी मला मेंढी घडवायला शिकवलं, त्यांच्या घरातले दोन पुरुष तिथे नोकरी करून आलेत. पगार चांगला होता असं त्या सांगतात, आणि नदीचं पाणी गुरांना द्यायला अजून मन धजत नाही असंही सांगतात.

सोव्हिएत काळात या छोट्या देशात सुमारे 1 कोटी मेंढ्या होत्या. सरकारी शेतीसंघ त्यांची बारीक लोकर रशियातल्या गिरण्यांना पाठवत. 1991 नंतर संघ मोडले, मेंढ्या विकल्या-कापल्या गेल्या, लोकरीला कुणी विचारेना. त्या पडझडीत बाहेरचे सगळे आले. अमेरिकेने डिसेंबर 2001 मध्ये अफगाणिस्तानच्या युद्धासाठी बिश्केकच्या मानास विमानतळावर तळ टाकला. तुमचं विमान उतरतं ते तिथेच. रशियाने 2003 मध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूला कांत इथे आपला हवाई तळ उघडला, तो आजही आहे. खुद्द काराकोलजवळ, याच सरोवरात, रशियन नौदलाचं टॉर्पेडो चाचणीचं केंद्र आहे. भारतही मागे नाही. 2011 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी बिश्केकला गेले, उंचीवरच्या सैनिकांच्या आरोग्यावर संशोधन करणारं संयुक्त केंद्र सुरू झालं आणि ‘खंजर’ हा संयुक्त सराव त्याच वर्षापासून होतो.

मानासचं वार्षिक भाडं 2009 मध्ये 1.74 कोटी डॉलरवरून 6 कोटींवर गेलं. तळाला लागणाऱ्या विमान इंधनाच्या कंत्राटांतला पैसा सत्ताधारी कुटुंबांच्या घरात गेल्याचे आरोप झाले, अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्यावर 2010 मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष बाकियेव यांना लोकांनी हाकललं. 2014 मध्ये तळ बंद झाला. एवढ्या डॉलरांतून एखाद्या गावात एक तरी हुन्नर शिल्लक राहिलं का, हे मी तिथल्या जितक्यांना विचारलं त्यांतल्या कुणालाही सांगता आलं नाही.

म्हणून या दुकानाला मी वेगळं मोजते. जपानलाही स्वार्थ आहेच. मुजी नफ्यासाठी विकते, जायका जपानचं नाव राखण्यासाठी येते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तामगाचंच मोठं लष्करी विश्रामगृह दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी युद्धकैद्यांनी बांधलेलं आहे, लोक ते आपुलकीने दाखवतात. पण लोकर तपासायचं, नग मोजायचं आणि परत पाठवायचं ज्ञान आता त्या बाईंच्या हातात आहे. उद्या ऑर्डर बंद झाली तरी ते कुणी ट्रकमध्ये भरून नेऊ शकत नाही. ही काळजी उगाच नाही. एप्रिल 2024 मध्ये किर्गिझस्तानने परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर कडक कायदा केला, आणि अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्या प्रतिष्ठानाने तीस वर्षांचं काम त्याच महिन्यात गुंडाळलं. ज्यांचं सगळं काम अनुदानावर चालतं त्यांचं काय होतं ते तिथे दिसलं.

माझे आक्षेपही आहेत. एकाच बड्या परदेशी गिऱ्हाइकावर एवढ्या बायकांचा मोसम बेतलेला असणं मला धोक्याचं वाटतं. एका व्यापाऱ्याने हात आखडला की सगळा गट बसतो, हे आम्ही घोंगडीत भोगलंय. दुसरं म्हणजे रंग. जपानी गिऱ्हाइकासाठी सगळं करडं, दुधाळ, तपकिरी. सुरेख आहे, पण किर्गिझ शिरदाक म्हणजे लाल-काळ्या, निळ्या-केशरी फेल्टचे तुकडे एकमेकांत बसवून शिवलेली रजईसारखी जाड सतरंजी, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेली. 2012 मध्ये युनेस्कोने ती तातडीने जपायच्या वारशात घेतली आहे. तसले रंग इथे अधिक दिसायला हवेत. तो मोठा शिरदाकच हवा असेल तर वाट थोडी वाकडी करून कोच्कोरला जा, करणाऱ्या बाईकडूनच घ्या, आणि उलटून टाके पाहा. हाताचे टाके जाड दोऱ्याचे आणि किंचित तिरपे असतात.

बिश्केकमध्ये एका टपरीवर मला ‘हातचा’ म्हणून जो शिरदाक दाखवला तो सरळ यंत्राच्या फेल्टचा होता, वर नक्षी चिकटवलेली. कोपरा वाकवला तर डिंकाचा आवाज आला. तिथे आपली मुलं शंभर रुपये वाचले म्हणून खूश होऊन घेतात, त्यांना सांगून ठेवा. काराकोलला जमणार नसेल तर ओवॉपचं दुकान बिश्केकमध्येही आहे.

सपाता घेताना पावलाला घट्ट बसेल असं माप घ्या, वापरून त्या थोड्या सैल होतात आणि मग बसतात. धुवायची वेळ आली तर थंड पाणी, रिठा, आणि पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. पावसाळ्यात पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला की कसर लागत नाही, आमची घोंगडी अशीच टिकतात. मधाच्या बाटल्या मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत त्या विमानतळावर काढून ठेवतात.