डॉग एजिंग प्रोजेक्ट : तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या मालकाने केलेले परीक्षण

एखाद्या सेवेविषयी लिहिताना आपण मोजलेले पैसे आणि पदरात पडलेला मोबदला यांचा हिशेब मांडतो. कुत्र्यांच्या वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'मध्ये आमच्या बंड्याचे नाव घातले तेव्हा एक पैसाही द्यावा लागला नाही आणि त्याचे आयुष्य वाढेल असे आश्वासनही कोणी दिले नाही. तरीही ओळखीची मराठी मंडळी "यात पडावे का?" असे वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटी यांनी हा प्रकल्प मिळून उभा केला, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग या सरकारी संस्थेने त्याला निधी दिला आणि २०१९ च्या अखेरीस नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. आजवर ५० हजारांहून अधिक कुत्री त्यात दाखल झाली आहेत. वार्धक्याच्या अभ्यासासाठी कुत्राच का, याचे उत्तर मला पटले. प्रयोगशाळेतील उंदीर पिंजऱ्यात ठरावीक खाणे खाऊन जगतो, तर कुत्रा आपल्याच घरात झोपतो, आपलीच हवा घेतो, आपल्यासारखाच सांधेदुखी, कर्करोग आणि विस्मरण यांनी गाठला जातो आणि हे सारे दहा-पंधरा वर्षांत उरकत असल्यामुळे संशोधकाला आपल्या हयातीतच पूर्ण आयुष्ये पाहता येतात. त्यातही एक कोडे आहे : प्राणिसृष्टीत सर्वसाधारणपणे मोठ्या देहाला दीर्घ आयुष्य मिळते, हत्ती उंदराहून कितीतरी अधिक जगतो; पण कुत्र्यांमध्ये अवाढव्य ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत थकतो आणि ओंजळीत मावणारा चिवावा पंधरा वर्षे सहज काढतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. नोंदणीनंतर जी प्रश्नावली भरावी लागते ती दोन-तीन तासांचे काम आहे, आणि ते एका बैठकीत उरकण्याचा हट्ट न धरलेलाच बरा. कुत्र्याचे खाणे, व्यायाम, स्वभाव, औषधे, आजार, घरातील परिसर अशा निरनिराळ्या विभागांतून प्रश्न येतात, आणि पशुवैद्याकडील कागदपत्रेही मागितली जातात. मला सर्वांत अवघड गेला तो आहाराचा भाग. डब्यातले खाणे सांगता आले. पण आईच्या हातून दिवसभरात जाणारे पोळीचे तुकडे आणि श्रावणात हमखास मिळणारा दहीभात यांचा हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता. हा दोष माझा. प्रश्न मात्र योग्यच होते. बंड्या संकरित आहे, आणि येथे जातिवंत कुत्र्यांइतकेच संकरितांचेही स्वागत होते, हे मला विशेष आवडले. पुढे काही कुत्र्यांच्या लाळेचे नमुने घेऊन जनुकीय वाचन केले जाते आणि त्याहून लहान गटाच्या रक्ताची व लघवीची तपासणी वर्षानुवर्षे होते. सगळ्यांच्या वाट्याला मात्र किमान दरवर्षीची प्रश्नावली येतेच.

या माहितीतून निघालेले निष्कर्ष हा प्रकल्पाचा खरा ऐवज आहे, आणि सावधगिरी बाळगायची तीही तेथेच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसातून एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये विस्मरणाची लक्षणे आणि काही आजार कमी आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात १५,०१९ कुत्र्यांची माहिती तपासली असता, निष्क्रिय कुत्र्यांमध्ये बुद्धिभ्रंशाची शक्यता अतिशय चपळ कुत्र्यांच्या सुमारे साडेसहा पट दिसली. हे वाचून माझ्या एका स्नेह्यांनी कुत्र्याचे संध्याकाळचे जेवण तत्काळ बंद केले, तेव्हा मला कावळा बसायला आणि फांदी मोडायला ही म्हण आठवली. आजारी कुत्र्याला औषध द्यायचे म्हणून त्याचे खाणे वाटून दिले जात असेल, किंवा विस्मरण सुरू झाल्यामुळेच त्याचे फिरणे कमी झाले असेल. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून ठरत नाही. संशोधकांनी स्वतः ही मर्यादा स्पष्टपणे मांडली आहे. शिवाय दोन-तीन तास बसून प्रश्नावली भरणारे मालक हे बहुधा कुत्र्याची अधिक काळजी घेणारेच असणार, हेही विसरता येत नाही.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेले काम म्हणजे इंडियानातील जेराल्ड पी. मर्फी कॅन्सर फाउंडेशनचे डेव्हिड वॉटर्स यांचा रॉटवायलर अभ्यास. सरसकट सारी कुत्री न घेता त्यांनी, जी जात साधारण नऊ-दहा वर्षे जगते तिच्यातील तेरा वर्षे ओलांडलेली कुत्रीच शोधून काढली. दीर्घकाळ अंडाशय शाबूत राहिलेल्या माद्या तेरा वर्षांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक, हा त्यांचा २००९ चा निष्कर्ष होता, आणि लहान वयात सर्रास नसबंदी करण्याच्या अमेरिकी प्रथेला त्याने पेचात टाकले. विरळा दीर्घायुषींना थेट विचारण्याची ही पद्धत मला वैयक्तिकरीत्या अधिक मर्मग्राही वाटते.

कार्यकारणाचा प्रश्न सोडवण्यासाठी प्रकल्पाने 'ट्रायड' ही औषधचाचणीही हाती घेतली आहे. अवयव-प्रत्यारोपणानंतर माणसांना दिले जाणारे रॅपामायसिन किमान सात वर्षांच्या, मध्यम ते मोठ्या आकाराच्या कुत्र्यांना अल्प मात्रेत आठवड्यातून एकदा दिले जाते, आणि कोणाला औषध मिळते व कोणाला नुसतीच गोळी हे मालकाला किंवा पशुवैद्याला कळत नाही. पाहणीपेक्षा मला या चाचणीकडून अधिक अपेक्षा आहे. मूळ सरकारी निधी पुढे चालू राहणार नाही अशी चिन्हे २०२४ च्या सुरुवातीला दिसत होती, नंतर त्याच वर्षी चाचणीपुरते अनुदान मिळाले. वार्धक्याचा अभ्यास हे दीर्घ पल्ल्याचे काम असताना निधीची अशी ओढाताण हा या सेवेचा सर्वांत मोठा धोका आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या कुत्र्यांनाच येथे प्रवेश आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या वाचकांना आपल्या मोतीचे नाव घालता येणार नाही; आपल्या गावठी कुत्र्यांचा असा अभ्यास झाला तर त्यात सांगण्यासारखे पुष्कळ निघेल, असे मला नेहमी वाटते. अमेरिकेतील वाचकांना मात्र मी नोंदणीची शिफारस करतो, पाचपैकी चार तारे देऊन. बसण्यापूर्वी लसीकरणाची कागदपत्रे काढून ठेवावीत, आठवडाभर खाणे मोजून लिहावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना पोळीच्या तुकड्यांविषयी आधीच विचारून घ्यावे.